आयफेलवर चढायचं की आयफेल बघायचा? (पॅरिस, दोन दिवस, सोबत आई)

खारी_बिस्किट | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०
मंडळी मदत हवीये. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझं ॲम्स्टरडॅमला ऑफिसचं काम आहे, आईला पण घेऊन जातेय (वय ६८, डावा गुडघा कुरकुरतो, उत्साह माझ्या दुप्पट) आणि परत येताना दोन दिवस पॅरिस ठरवलंय. उंचावरून शहर बघायला एकच ठिकाण जमेल, बाकी वेळ म्युझियम आणि बसून कॉफी. आईच्या डोक्यात अर्थातच आयफेल आहे पण माझा एक कलीग म्हणतो की ती मोठी कमान आहे ना, आर्क द ट्रायम्फ, तिच्या गच्चीवर जा. नेटवर बघितलं तर २८४ पायऱ्या!! आई अजून महिन्यातून एकदा पर्वती चढते, १०३ पायऱ्या, मधे दोनदा टेकून. म्हणजे ही कमान पावणेतीन पर्वती झाली. काय करू? जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, रील बघून नको.

पोहे_विदाऊट_शेव | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५
कमान. डोळे झाकून कमान. आयफेलवरून पॅरिस बघण्यात एकच गोची आहे, त्यात आयफेल दिसत नाही.

तिरकस | ३ सप्टेंबर, रात्री ११:१२
हा जोक पॅरिसमधला प्रत्येक गाईड दिवसातून चारदा मारतो.
बाकी मुद्दा असा की कमान फक्त ५० मीटर उंच आहे. आमच्या बाणेरच्या टॉवरची पाण्याची टाकी त्याहून वर आहे. आयफेल ३३० मीटर. पैसे खर्च करून जायचं तर नीट उंच तरी जा की.

कर्वेरोडकर | ४ सप्टेंबर, सकाळी ७:५०
ट्रायम्फ नव्हे. आर्क द त्रियाँफ. फ्रेंचमध्ये शेवटचा फ ऐकू येतो पण मधला उच्चार इंग्रजीसारखा नाही. आणि कमानीसमोरचा तो मोठा रस्ता शाँझेलिझे, चॅम्प्स एलिसी नव्हे.

तिरकस | ४ सप्टेंबर, सकाळी ८:०२
टॅक्सीवाल्याला कसंही सांगा, तो मीटर तेवढाच लावतो.

लुटेशिया | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०
अकरा वर्षं पॅरिसमध्ये राहतेय, पाहुणे आले की कमानीवर न्यायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा लांबड लावते.

तिरकस, तुम्ही उंचीचं म्हणताय तिथेच खरी मजा आहे. आयफेलच्या टोकावरून शहराचा नकाशा होतो. सगळं दिसतं पण करडं, सपाट, ओळखू काहीच येत नाही, लोक बोट दाखवून विचारत बसतात ते कुठलं हे कुठलं. पॅरिसच्या मधल्या भागात घरं सहा-सात मजल्यांची, सगळी जवळपास एका उंचीची, त्यामुळे ५० मीटरवर तुम्ही छपरांच्या जरा वर असता. जस्ताची राखाडी छपरं, त्यावर विटांची धुराडी ओळीने, कोणाच्या गॅलरीत कुंड्या, कोणी खिडकीत सिगरेट ओढतंय, हे सगळं दिसतं. आणि कमान बरोबर चौकाच्या मधोमध असल्याने समोर काही आडवं येतच नाही.

त्या चौकाचं जुनं नाव एतवाल, म्हणजे चांदणी. बारा रस्ते निघतात चारी बाजूंना. आधी पाचच होते, १८५० नंतर बॅरन ओसमानने शहर उकरलं तेव्हा आणखी सात नवे काढले. जमिनीवरून ही चांदणी कळतच नाही, नुसता गोंगाट. वर गेल्यावर एका फेरीत उलगडते. पूर्वेला शाँझेलिझे सरळ उतरत जातो, टोकाला काँकॉर्ड चौकातला इजिप्तहून आणलेला दगडी खांब, त्याच्या मागे लूव्ह्र म्युझियम. पाठ फिरवली की त्याच रेषेत पश्चिमेला ला देफाँसच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्यात १९८९ साली झालेली ती नवी चौकोनी कमान. दक्षिणेला आयफेल, अख्खा, पायापासून नाही पण बराचसा. ईशान्येला टेकडीवर साक्रे करचं पांढरं चर्च.

आता आईंचं. लिफ्ट आहे. सगळ्यांसाठी नाही, ज्यांना चढवत नाही, वय झालंय, गरोदर आहेत अशांसाठी. मागावी लागते, बोर्ड शोधत बसू नका, आत शिरल्यावर तिथल्या माणसाला सांगा. पण ती गच्चीपर्यंत नेत नाही, वरच्या दालनात सोडते, तिथून पुढे चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या राहतात. म्हणजे अर्धी पर्वती पण नाही. आणि कधीकधी लिफ्ट बंद असते, जायच्या आदल्या दिवशी साईटवर बघून घे.

आणि कृपा करून रस्ता ओलांडून कमानीपर्यंत जाऊ नका!!! शाँझेलिझेच्या फुटपाथवरून खाली भुयार जातं, तिथून जायचं.

टवाळ_खोड | ४ सप्टेंबर, दुपारी २:१५
भुयाराबद्दल साष्टांग अनुमोदन. २०१६ ला आम्ही चार मित्र गेलो होतो, भुयार दिसलं नाही, म्हटलं पुण्यात कर्वे रोड ओलांडणारी माणसं आपण, हे काय. हात दाखवत पहिली दोन पावलं टाकली आणि गाड्या डावीकडून उजवीकडून आणि मला वाटतं वरूनही यायला लागल्या. पलीकडून पोलिसाची शिट्टी. मागे फिरलो तर एक फ्रेंच आजीबाई काठी टेकत चालल्या होत्या, त्यांनी न बोलता काठीने जिन्याकडे दाखवलं. त्या काठीइतका अपमान आयुष्यात झाला नाही.

पोहे_विदाऊट_शेव | ४ सप्टेंबर, दुपारी २:२०
लोल काठी 😂

निवांत_दुपार | ४ सप्टेंबर, दुपारी ४:००
आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो (कंपनीचं नाव नको, भांडण झालंय). कमान बसमधूनच दाखवली, दोन चकरा मारल्या आणि "राइट साइडवाल्यांनी आता फोटो काढा, लेफ्टवाल्यांनी पुढच्या चकरेला". पुढची चकर झालीच नाही. मी लेफ्टला होते. त्यामुळे हा धागा मन लावून वाचतेय.

झब्बू_आजोबा | ४ सप्टेंबर, रात्री ९:१०
गच्चीवर जाण्याआधी दहा मिनिटे कमानीखाली मान वर करून उभे राहावे असे सुचवतो. आतल्या भिंतींवर फ्रेंच सैन्यातल्या साडेसहाशेच्या वर लोकांची नावे कोरली आहेत. ज्यांच्या नावाखाली रेघ आहे ते लढताना गेले.

या कमानीची गंमत अशी की ज्याने बांधायला घेतली त्याला ती पुरी झालेली दिसलीच नाही. ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर नेपोलियनने १८०६ साली हुकूम काढला, पायाचा दगड १५ ऑगस्टला बसवला, तो त्याचा वाढदिवस. नुसता पाया भरायला दोन वर्षे. १८१० मध्ये नवी राणी मारी लुईज पॅरिसमध्ये यायची होती आणि कमान तर जमिनीतून जेमतेम वर आलेली. मग काय केले, लाकडी सांगाडा उभा करून त्याला रंगवलेले कापड लावले आणि पूर्ण कमान असल्याचा देखावा केला. आपल्याकडे मंत्री यायच्या आदल्या रात्री कुंड्या मांडतात तसे. पुढे वास्तुकार शालग्राँ वारला, नेपोलियन हरला, काम रखडले, आणि पूर्ण झाली १८३६ साली, लुई फिलिपच्या राज्यात. नेपोलियन तिच्याखालून गेला तो १८४० मध्ये, शवपेटीतून, सेंट हेलेनाहून आणला तेव्हा.

लेखक व्हिक्टर ह्यूगोचे आणखी वेगळे. त्याचे वडील नेपोलियनच्या सैन्यात जनरल, पण भिंतीवर त्यांचे नाव नाही. मुलाच्या मनाला ते फार लागले, त्याने पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तसे छापले. आणि १८८५ मध्ये तो स्वतः गेला तेव्हा त्याची शवपेटी याच कमानीखाली रात्रभर दर्शनाला ठेवली होती. बापाला भिंतीवर जागा नाही, मुलाला मधोमध. बारापैकी एका रस्त्याला ह्यूगोचे नाव आहे, ते त्याच्या हयातीतच दिले गेले होते.

वाढवत नाही. १९१९ मध्ये शार्ल गोदफ्रुआ नावाच्या वैमानिकाने कमानीतून विमान आरपार नेले होते तेही शोधून पाहा, चित्रफीत आहे.

कर्वेरोडकर | ४ सप्टेंबर, रात्री ९:४०
आजोबा, सुरेख. (उच्चार पण बरोबर.)

बेळगाव_कट्टा | ५ सप्टेंबर, सकाळी ६:५५
अवांतर होईल पण राहवत नाही. २००९ च्या १४ जुलैला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाला, परेडच्या अगदी पुढे आपले भारतीय जवान होते आणि त्यात मराठा लाईट इन्फंट्री होती. मनमोहन सिंग पाहुणे होते तिथे. ती परेड ह्या कमानीपासूनच निघते आणि शाँझेलिझेवरून खाली काँकॉर्डला जाते. आमचं घर इथे बेळगावात रेजिमेंट सेंटरपासून जवळ, पहाटे त्यांचा बँड ऐकत मोठे झालो आम्ही, त्या दिवशी दुपारी आख्खी गल्ली टीव्हीपुढे. आमच्या वडिलांनी बूट घालून बघितलं. घरात. बूट. आईने एक शब्द काढला नाही. तुम्ही वर गेलात की पूर्वेकडचा तो उतार बघा आणि आमची आठवण काढा.

खारी_बिस्किट | ५ सप्टेंबर, सकाळी ९:३०
बेळगाव_कट्टा 🙏 बूट वाचून घशात आलं काहीतरी.
आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिचे प्रश्न : १) वर बसायला मिळतं का २) संध्याकाळी की सकाळी ३) लिफ्ट मागायची लाज वाटते, मी म्हातारी दिसते का (हा माझ्यासाठी होता, मी उत्तर दिलेलं नाही).

लुटेशिया | ५ सप्टेंबर, दुपारी १२:४५
१) वरच्या दालनात टेकता येईल, गच्चीवर उभंच राहायचं असं धरून चला. २) संध्याकाळ!! आणि साडेसहाला खाली हजर राहा. कमानीखाली अनाम सैनिकाची समाधी आहे, पहिल्या महायुद्धातला कोणीतरी एक, नाव माहीत नसलेला, १९२० च्या ११ नोव्हेंबरला त्याला इथे आणलं. १९२३ पासून तिथे ज्योत आहे आणि रोज संध्याकाळी साडेसहाला ती नव्याने चेतवतात. रोज म्हणजे रोज, १९४० ला जर्मन शहरात शिरले तेव्हाही खंड पडला नाही. माजी सैनिक झेंडे घेऊन येतात, फार मोठा कार्यक्रम नसतो पण बघाच.
तुमच्या तारखांना सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. म्हणजे ज्योत, मग वर, मग सूर्यास्त, आणि आठच्या ठोक्याला आयफेल चमचमतो, वीस हजार दिवे, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं. तोवर हलू नका.
३) लाज कसली, लिफ्ट त्यासाठीच आहे. मी घोटा मुरगळला तेव्हा बत्तिसाव्या वर्षी गेलेय लिफ्टने.

टवाळ_खोड | ५ सप्टेंबर, दुपारी १:१०
जिन्याचं पण सांगतो, बाकीच्यांसाठी. गोल गोल जिना आहे, चढायचा वेगळा उतरायचा वेगळा, अरुंद. मागे माणसं असल्यामुळे मधे थांबायला ऑकवर्ड होतं आणि गोल फिरून भोवंडतं. मी मोजायला लागलो आणि १४० ला मोजणं बंद केलं कारण मोजायलाही श्वास लागतो.

तिरकस | ५ सप्टेंबर, दुपारी १:३०
प्रश्न : इंडिया गेटवर चढू देत नाहीत, गेटवे ऑफ इंडियावर चढू देत नाहीत. आपल्या कमानी काय पाप करून बसल्यात? गेटवेच्या गच्चीवरून एकीकडे बंदर आणि एकीकडे ताजचा घुमट, मी तिकीट काढून जाईन.

निवांत_दुपार | ५ सप्टेंबर, दुपारी १:४५
तिरकस पहिल्यांदा सरळ बोलले. तारीख लिहून ठेवा.

पोहे_विदाऊट_शेव | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०
एक टीप, कमानीवरून उतरलात की खाली मेट्रोची ६ नंबर लाईन मिळते, ती घ्या. ती पासी स्टेशनच्या पुढे जमिनीवर येते आणि पुलावरून नदी ओलांडते तेव्हा डाव्या हाताला आयफेल येतो खिडकीत. मेट्रोच्या तिकिटात. पिशवी मात्र पुढे घेऊन बसा, आणि सह्या मागत फिरणाऱ्या पोरी आल्या तर हात खिशावर.

खारी_बिस्किट | १९ ऑक्टोबर, रात्री ११:२०
आलो परत! जेट लॅग आहे, झोप येत नाही म्हणून आत्ताच लिहून काढते.

सहा वाजता पोचलो. भुयार पहिल्या फटक्यात सापडलं (टवाळ_खोड, तुमची आठवण काढून आई हसली). साडेसहाची ज्योत. मला वाटलं होतं मोठा बँड वगैरे, तर पंधरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, कोटावर मेडल्स, हातात झेंडे, एक बिगुल. पुष्पचक्र ठेवलं. एका आजोबांचा हात थरथरत होता, झेंड्याचा दांडा खाली कातडी पट्ट्यात अडकवलेला असतो त्याला दुसऱ्या हाताने घट्ट धरून उभे होते. आईने चप्पल काढली. म्हणजे बूट काढायला लागली, मी म्हटलं अग इथे काढत नाहीत, तर म्हणाली नंदादीप आहे ना मग. नाडी सुटेना म्हणून राहिलं शेवटी, पण हात जोडून उभी राहिली आणि शेजारच्या बाईने तिच्याकडे बघून मान लववली.

लिफ्टचा सीन ऐका. मी त्या माणसाला इंग्लिशमध्ये सांगायला लागले की माय मदर, नी प्रॉब्लेम, आणि आईने मधेच स्वतःच्या गुडघ्यावर टपली मारून चेहरा असा केला की तो माणूस हसलाच आणि सरळ घेऊन गेला. मला पण सोबत म्हणून सोडलं. पुढच्या पायऱ्या आईने मोजल्या, ४६. एकदाही टेकली नाही. वर आल्यावर पहिलं वाक्य, "अर्धी पर्वती पण नाही."

गच्चीवर वारा भन्नाट, ओढणी दोनदा कठड्याच्या टोकदार सळयांत अडकली. सूर्य ढगात गेला त्यामुळे सूर्यास्त असा काही नाही, ला देफाँसच्या बाजूला नुसती एक केशरी फट राहिली होती दहा मिनिटं. पण मग दिवे लागायला लागले. लुटेशिया, तुम्ही म्हणालात ना चांदणी उलगडते, ती दिवसा नाही, दिवे लागल्यावर उलगडते. गाड्यांचे लाल दिवे एका बाजूने जाणारे, पांढरे एका बाजूने येणारे, बारा ओळी. पूर्वेकडचा उतार बघताना बेळगाव_कट्टा तुमचं नाव घेतलं आणि आईला परत बुटांची गोष्ट सांगितली.

आणि आता खरी गोष्ट. आईने आयफेल किती वेळ बघितला? फार तर पाच मिनिटं. "छान आहे, फोटोत आहे तसाच आहे." आणि मग कठड्याला धरून खाली चौकाकडे जी बघत बसली ती पाऊण तास. तिथे म्हणे नियम उलटा आहे, जो आत शिरतोय त्याला आधी वाट द्यायची, आत असलेल्याने थांबायचं. पट्टे नाहीत, सिग्नल नाही, आठ-दहा गाड्या शेजारी शेजारी वाट्टेल तशा. आई प्रत्येक गाडी धरून शेवटपर्यंत बघत होती, "तो पांढरा टेम्पो बघ, तिकडून आलाय, त्याला इकडे निघायचंय, नाही निघू देणार त्याला, नाही, नाही, अय्या निघाला!" एक सायकलवाला मधे शिरला तेव्हा तिने माझं मनगट एवढं दाबलं की वळ उठला. आठ वाजले, आयफेल चमचमायला लागला, सगळे लोक आ करून दक्षिणेच्या कठड्याला, मी पण हाका मारतेय आई बघ आई बघ, आणि ही पश्चिमेला, म्हणते थांब जरा, इथे बस अडकलीये.

अलका टॉकीजच्या चौकात बाबा तिला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. हे तिने उतरताना लिफ्टमध्ये सांगितलं.

लुटेशिया | २० ऑक्टोबर, दुपारी १:००
हाहा, बस निघाली का शेवटी?

खारी_बिस्किट | २० ऑक्टोबर, दुपारी १:२०
निघाली. आईने टाळी वाजवली.

झब्बू_आजोबा | २० ऑक्टोबर, रात्री ८:३०
वृत्तांत आवडला. आईंना नमस्कार सांगावा. भिंतीवरची नावे पाहिलीत का?

खारी_बिस्किट | २० ऑक्टोबर, रात्री ९:०५
पाहिली आजोबा. रेघवाली नावं आईने बोटाने हवेत मोजली, मान दुखली तेव्हा थांबलो.

तिरकस | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:१५
पाऊण तास ट्रॅफिक बघायला पॅरिसचं तिकीट. हे मी नळ स्टॉपला फुकट करतो.
(मला पण जायचंय.)

निवांत_दुपार | २ डिसेंबर, दुपारी ३:४०
धागा वर काढतेय. मार्चमध्ये चाललोय, ह्या वेळी टूर कंपनी नाही, आपलं आपण. सासूबाई ७४, गुडघे दोन्ही. त्या लिफ्टवाल्याला नक्की काय म्हणायचं? फ्रेंचमध्ये काही पाठ करून जाऊ का?

खारी_बिस्किट | २ डिसेंबर, संध्याकाळी ५:५५
आधी बोंजूर म्हणा, मग बाकीचं. आणि सासूबाईंना पुढे उभं करा, बोलू त्यांनाच द्या. मराठीत बोलल्या तरी चालेल.